प्राणवायूची रेघ

कागदावर ती एक साधी वक्ररेषा असते. उभ्या अक्षावर खोली, आडव्या अक्षावर पाण्यात विरघळलेला प्राणवायू. रेघ वरून सरळ उतरते, एका ठिकाणी तिरकी होते, मग डावीकडे वळत शून्याला टेकते आणि पुढे अक्षाला चिकटून खाली जाते. तिच्यात मावलेली सगळी खोली जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. ती काढणारी सुई काचेची, टोकाशी केसाहूनही बारीक. समुद्रतळाचा गाळ, खाडीचा चिखल, प्रवाळाची कातडी यांच्या अगदी जवळ जाऊन तिथली हकिगत सांगणारी उपकरणे बरीच आहेत. त्यांत मला ही सुई सर्वांत देखणी वाटते. उपकरणांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या उपयोगाविषयी. पण त्यांच्या घडणीतही रस असतो आणि त्यांनी काढलेली रेघ टप्प्याटप्प्याने, चवीने वाचता येते. तसे वाचून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची जुनी रीत बाटलीची. हंगेरीच्या लायोश विंक्लरने ती 1888 साली सांगितली. बाटलीतल्या पाण्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालून प्राणवायू जागच्या जागी बांधून टाकायचा आणि मग आयोडीनच्या टायट्रेशनने त्याचा हिशेब लावायचा. आजही आपल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी ही रीत शिकतात आणि नीट केली तर ती अतिशय अचूक आहे. तिची मर्यादा एकच: बाटलीत येते ती सरासरी. गाळावर राहणारा जीव सरासरीत राहत नाही. एका मिलिमीटरात प्राणवायू आहे आणि त्याच्या खालच्या मिलिमीटरात तो संपला आहे, असा त्याचा संसार. तिथे बाटली घालायची कशी? चमचाभर गाळ उचलला तरी थर मोडतात, हवा लागते आणि जे पाहायला गेलो तेच नाहीसे होते. तेव्हा हवे होते असे काहीतरी, जे आत शिरेल आणि आत शिरल्याचा पत्ता गाळाला लागू देणार नाही.

या सुईचे मूळ दवाखान्यातले आहे. अमेरिकी संशोधक लेलंड क्लार्क यांनी 1950 च्या दशकात रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी इलेक्ट्रोड बनवला. धातूचे दोन्ही ध्रुव आणि त्यांच्यामधले द्रावण एका पातळ पडद्याआड ठेवायचे, ही त्यांची युक्ती. पडद्यातून वायू आत येतो, रक्त बाहेरच राहते. आत आलेला प्राणवायू ऋण ध्रुवावर इलेक्ट्रॉन घेतो आणि जितका प्राणवायू तितका विद्युतप्रवाह. इथे एक गोम आहे. असा इलेक्ट्रोड प्राणवायू मोजतो म्हणजे खरे तर खातो. खाल्लेल्याची भरपाई व्हावी म्हणून भोवतालचा द्रव सतत ढवळावा लागतो. रक्ताच्या नमुन्यात ते चालते. गाळात ढवळायचे म्हणजे प्रश्नच पुसून टाकायचा.

डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या नील्स पेटर रेव्सबेक यांनी ही अडचण आकार लहान करून सोडवली. 1980 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म इलेक्ट्रोडने सागरी गाळातल्या प्राणवायूची मांडणी मोजून प्रसिद्ध केली. पुढे 1989 मध्ये त्यांनी जी रचना मांडली, ती आजच्या बहुतेक सुयांची मूळ संहिता म्हणता येईल. ज्योतीवर ओढून निमुळती केलेली काचेची नळी. टोकाच्या छिद्रात सिलिकॉन रबराचा इवलासा पडदा. त्याच्या मागे, काचेच्या आवरणातून बाहेर डोकावणारे, सोन्याचा मुलामा दिलेले प्लॅटिनमच्या तारेचे टोक, हा कॅथोड. नळीत पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आणि त्यात चांदीची तार, हा ॲनोड. दोघांमध्ये 0.8 व्होल्टचा फरक ठेवला की सुई बोलू लागते. पण प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागात मोजायचा. टोक इतके लहान की त्याची भूक जवळजवळ शून्य. पाणी ढवळलेले असो वा निश्चल, उत्तरात फरक पडतो तो एक-दोन टक्क्यांचा. जी गोष्ट क्लार्कच्या इलेक्ट्रोडचा दोष होती, ती आकार बदलताच नाहीशी झाली. नवा सुटा भाग न जोडता, आहे तेच बारीक करून दोष घालवणे, ही या घडणीतली पहिली दाद देण्याजोगी जागा.

दुसरी जागा याहून सुंदर आहे. नळीतल्या द्रावणातही थोडा प्राणवायू विरघळलेला असतोच आणि तो मागच्या बाजूने कॅथोडकडे सरकत राहतो. म्हणजे बाहेर काहीच नसताना सुई थोडे काही दाखवत राहणार, आणि ते ‘थोडे काही’ दिवसभरात बदलत राहणार. रेव्सबेक यांनी कॅथोडच्या जरा मागे चांदीचा आणखी एक कॅथोड बसवला, रक्षक कॅथोड. मागून येणारा प्राणवायू तो वाटेतच संपवतो. त्याने खाल्लेला प्राणवायू मोजमापात धरला जात नाही. त्याचे काम एकच: पुढच्या कॅथोडला स्वतःच्या पोटातल्या प्राणवायूपासून वाचवणे, म्हणजे तो बोलेल ते फक्त बाहेरचे बोलेल. समीक्षकाला आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवण्यासाठी आयुष्यभर जी खटपट करावी लागते, ती इथे चांदीच्या एका तारेत साधली आहे.

आता रेघेकडे वळू. सुई एका मोटारीच्या स्टँडवर बसवलेली असते आणि पन्नास किंवा शंभर मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी खाली उतरते. प्रत्येक पायरीवर थांबते, आकडा घेते. सेकंदाच्या आत उत्तर स्थिर होते. रेघेचा पहिला टप्पा उभा, सपाट. हे वाहते पाणी. यात सगळीकडे प्राणवायू सारखाच, कारण भोवरे ते मिसळत राहतात. रसिकाने इथे फार थांबू नये.

दुसऱ्या टप्प्यात रेघ अचानक तिरकी होते, पण सरळच राहते. सुई अजून गाळाला टेकलेली नसते. गाळापासून अर्धा-एक मिलिमीटर वर पाण्याचा असा एक पातळ थर असतो की तिथे भोवरे पोचत नाहीत. इथून पुढे प्राणवायूला वाहून नेणारे कोणी नाही. त्याला रेणूरेणूने, स्वतःच्या धडपडीने सरकावे लागते. यालाच विसरण म्हणतात. बो बार्कर यॉर्गेन्सेन आणि रेव्सबेक यांनी 1985 मध्ये हा थर सुईने प्रत्यक्ष मोजून दाखवला. विसरणाचा वेग मोठा विलक्षण आहे. पाण्यात प्राणवायूच्या रेणूला सरासरी एक मिलिमीटर सरकायला सुमारे चार मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरला मात्र सात तास. आणि एक मीटरला जवळपास आठ वर्षे. तळाच्या जिवांसाठी मिलिमीटर हे अंतर एवढे निर्णायक का, ते या तीन आकड्यांत आले. हा टप्पा सरळ आहे याचाही अर्थ असतो: वाटेत कोणी प्राणवायू खात नाही. त्याचा उतार किती यावरून गाळ दर तासाला किती प्राणवायू ओढून घेतो, ते थेट काढता येते. आडोल्फ फिकने 1855 साली मांडलेला नियम इथे पट्टी लावून वापरता येतो.

तिसरा टप्पा हा खरा आशय. रेघ गाळात शिरते आणि वाकते. वाकणे म्हणजे खाणे. जिथे बाक जास्त, तिथे जिवाणूंची पंगत मोठी; जिथे बाक सौम्य, तिथे खाणारे थोडे. म्हणजे उतार सांगतो किती आले, आणि बाक सांगतो कुठे संपले. एका रेघेतून दोन वेगळे अर्थ, आणि दोन्ही मोजता येणारे. समुद्रकिनाऱ्याच्या गाळात ही रेघ काही मिलिमीटरांतच शून्याला टेकते. दूर समुद्रात, जिथे अन्न कमी पडते, तिथे ती कित्येक सेंटिमीटर खाली जाते. शून्याच्या खाली चौथा टप्पा. प्राणवायूच्या सुईला तिथे सांगण्यासारखे काही उरत नाही. तिथून पुढे हायड्रोजन सल्फाइडची सुई हवी, सामू मोजणारी सुई हवी. नायट्रेट मोजणाऱ्या सुईच्या टोकात तर चक्क जिवंत जिवाणू कोंडलेले असतात; ते नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड करतात आणि सुई तो वायू मोजते.

दोन-तीन सुयांच्या रेघा शेजारी ठेवून वाचल्या की काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण ऑर्हूसचेच आहे. लार्स पेटर नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाळात एक विसंगती दिसली. वर प्राणवायू संपतो तिथे सल्फाइड सुरू व्हायला हवे. पण मधले सेंटिमीटरभर अंतर दोन्ही नाहीत. मग सल्फाइड कोण संपवते, आणि प्राणवायूशिवाय कसे? त्यात वर प्राणवायूच्या पट्ट्यातच सामूच्या रेघेला एक उंचवटा. दोन रेघांतली मोकळी जागा आणि तिसऱ्या रेघेवरचा हा फुगवटा एकत्र वाचून त्यांनी 2010 मध्ये म्हटले की गाळातून वीज वाहते आहे: खाली सल्फाइडमधून निघालेले इलेक्ट्रॉन वर प्राणवायूपर्यंत पोचत आहेत. दोन वर्षांनी ती वीज वाहून नेणारे तंतूसारखे लांब जिवाणूही सापडले. आधी अर्थ लागला आणि मग कर्ता दिसला, असा हा प्रसंग. वाचन काळजीपूर्वक असेल तर ते शोध लावते, याला यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रवाळावर हीच सुई वेगळ्या रसाची रेघ काढते. प्रवाळाच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतात. उजेडात ते प्राणवायू बनवतात, अंधारात सगळेच तो खातात. 1995 मध्ये मिखाएल क्यूल आणि सहकाऱ्यांनी सुई प्रवाळाच्या कातडीला टेकवली. उजेडात तिथला प्राणवायू हवेशी समतोल असलेल्या पाण्याच्या अडीचपटीहून वर गेला आणि सामू 8.5 पर्यंत चढला. दिवा मालवल्यावर तोच प्राणवायू दोन टक्क्यांच्याही खाली आला आणि सामू 7.3-7.4 वर उतरला. चहूबाजूंना स्वच्छ, प्राणवायूने भरलेला समुद्र आणि कातडीवर मात्र सुकाळ आणि दुष्काळ आलटून पालटून. यातला तंत्राचा बारकावाही पाहण्यासारखा आहे. दिवा घालवल्यावर पहिल्या काही सेकंदांत प्राणवायू किती झपाट्याने घटतो, त्यावरून त्या नेमक्या जागी क्षणापूर्वी किती प्रकाशसंश्लेषण चालले होते ते कळते. उत्पादन बंद पाडून उत्पादन मोजायचे, ही रीत रेव्सबेक आणि यॉर्गेन्सेन यांची.

या प्रवाळकथेचा एक उत्तरार्ध महाराष्ट्राला लागू पडतो. मिरियम वेबर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सुयांच्या मदतीने दाखवले की प्रवाळावर साचलेला गाळ त्याला मारतो तो वजनाने किंवा अंधाराने तेवढा नाही. गाळातले सेंद्रिय द्रव्य कुजू लागले की प्राणवायू आणि सामू घसरतात, कातडी मरायला लागते आणि मग सल्फाइड तो शेवट लवकर आणते. दोन मिलिमीटर जाडीचा थर आणि एका दिवसाहून कमी वेळ त्याला पुरतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी 1979 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद छापली आणि 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. हे प्रवाळ किनाऱ्यालगतचे. पावसाळ्यात नद्यांचा गढूळ लोंढा जिथे पोचतो, तिथेच ते जगतात. त्यांच्यावर किती गाळ बसतो हे विचारून भागणार नाही. त्या गाळात कुजण्याजोगे काय आहे, हे विचारावे लागेल. तारकर्लीला पाणबुडे शिकवणारी संस्था आहे, आणि पाणबुड्याने हातात धरून नेता येतील अशी सुई उतरवणारी यंत्रे जर्मनीच्या ब्रेमेनमध्ये बनलेली आहेत. या दोन गोष्टी एकत्र आणण्याइतके हे काम आवाक्यातले आहे.

सुईचे दोषही सांगितले पाहिजेत; त्याशिवाय रसग्रहण पुरे होत नाही. ती नाजूक आहे. एखादा शिंपला लागला की मोडते. ती एका बिंदूचे सत्य सांगते आणि बोटभर बाजूला गाळात किड्याचे बीळ असेल तर तिथली रेघ पार निराळी येते. म्हणून एका रेघेवर विसंबता येत नाही, पुष्कळ काढाव्या लागतात. पुढे आलेल्या प्रकाशतंतूच्या सुया आणि गाळाच्या उभ्या छेदाचे चित्रच देणारे पत्रे या उणिवेवरची उत्तरे आहेत. चित्र विस्तृत असते, पण त्या रेघेची धार त्याला येत नाही, असे माझे मत. खोलीचे मात्र सुईला भय नाही. मानवरहित तिपाईवर बसवून ती 2010 मध्ये मरियाना गर्तेच्या चॅलेंजर डीपमध्ये, सुमारे 11 किलोमीटर खाली उतरवली गेली आणि रॉनी ग्लुड यांच्या गटाने 2013 मध्ये सांगितले की सहा किलोमीटरवरच्या शेजारच्या तळापेक्षा त्या गर्तेच्या तळाशी जिवाणूंची खाण्याची लगबग जास्त आहे.

अकरा किलोमीटर खालची रेघ आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या नद्यांच्या तळाची मात्र वाचायला मिळत नाही. या तिन्ही गावांना नदीचा परिचय आहे तो नळाच्या पाण्यातून, पुरातून आणि वासातून. उल्हास खंडाळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. 27 जुलै 2019 च्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, ती याच नदीने. वालधुनी काकोळ्याकडून येते, अंबरनाथला 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरच्या वस्त्यांतून आणि कारखान्यांच्या पाठीमागून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. वर सांगितलेले नियम हाताशी धरले तर तीन जागच्या रेघा कशा येतील याचा अंदाज बांधता येतो. बदलापूरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याखालच्या वाळूत, चारही टप्पे नीट दिसतील. कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला जिथे जलपर्णीची गादी पसरते, तिथे उजेड आणि वारा दोन्ही अडतात. पहिला सपाट टप्पाच मुळात कमी प्राणवायूवर सुरू होईल. आणि सांडपाण्याने काळ्या झालेल्या वालधुनीत रेघ गाळापर्यंत पोचण्याआधी, पाण्यातच शून्याला टेकलेली असेल. तिथे वाचायला उरेल फक्त सल्फाइडची रेघ.

आपल्याकडे तळाचा अभ्यास झालेला नाही असे नाही. उल्हासच्या खाडीतल्या गाळात पारा किती साचला आहे, यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या अनिरुद्ध राम, झिंगडे आदी संशोधकांचा लेख 2003 साली प्रसिद्ध झाला. गोव्यात कांदोळीसमोर याच संस्थेने 1997 पासून एक ठरलेली जागा वर्षानुवर्षे मोजली. पावसाळ्यात प्राणवायू कमी असलेले खोल पाणी तिथे उथळ किनाऱ्यावर चढते, वर गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड दिसू लागते. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये हे जगापुढे मांडले. हे काम मोठे आहे, पण ते मीटर आणि सेंटिमीटरचे आहे. पाऱ्याच्या बाबतीत तर शेवटचा मिलिमीटर कळीचा: प्राणवायू संपतो त्या सीमेजवळचे जिवाणूच साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, जो पुढे माशांत चढतो. ती सीमा कुठे आहे, हे सुईखेरीज कोण सांगणार?

नदीच्या प्रकृतीचा आपला सरकारी निकष पाण्याच्या नमुन्यावर उभा आहे. स्नानाच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि 27 अंशांवर तीन दिवसांची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी 3 मिलिग्रॅमच्या आत असावी, असे तो सांगतो. निकष चांगला आहे. तो सोडू नये. पण नदी शुद्ध झाल्याचा दावा पाण्यावरून केला गेला आणि तळ तसाच राहिला, तर पहिल्या पुरात ढवळलेला गाळ तो दावा खोटा पाडील. तळ सुधारतो आहे की नाही याची साक्ष एकच: शून्याची जागा दर वर्षी किती खाली गेली.

माझा अभिप्राय स्पष्ट आहे. मोजताना मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला धक्का लावायचा नाही, ही अट इतक्या कसोशीने पाळणारे दुसरे उपकरण माझ्या पाहण्यात नाही, आणि या सुईची रेघ वाचायला बारावीचे गणित आणि थोडा धीर पुरतो. उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयापासून कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयापर्यंत रसायनशास्त्राचे विभाग नदीपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. त्यांपैकी एकाने तरी एक सुई मिळवावी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशा दोन वेळा, बंधारा, शिवमंदिर आणि मोहने या तीन ठरलेल्या जागांवर ती उतरवावी, आणि दर वर्षी रेघा छापाव्यात. नदीच्या सुधारणेवर खर्च करणाऱ्या नगरपालिकांनीही पुढच्या निविदेत अशा रेघांची अट घालावी.